सामानासकट

घेणारी : हा तो पंखा नाही. आम्ही घर बघायला आलो तेव्हा इथे पांढरा होता, नवाकोरा.

घरमालक : अहो ताई, पंखा कुठलाही असो, वारा तोच येणार.

घेणारी : वारा येईल हो, पण ठरलं होतं ते यायला हवं. पंखे, स्वयंपाकघरातली कपाटं, जेवणाचं टेबल आणि मागच्या खोलीतला सागवानी पलंग. उद्या सह्या करायच्या, त्याआधी सगळं डोळ्यांनी बघून जाणार मी.

घरमालक : दुधानं तोंड पोळलेलं दिसतंय.

घेणारी : चांगलंच पोळलंय. मागचं घर घेतलं, तर तो माणूस नळसुद्धा उपटून घेऊन गेला. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांकडे बादली मागायची वेळ आली. टेबल आहे, कपाटंही आहेत. पलंग दाखवा.

घरमालक : आहे ना. माझा शब्द.

घेणारी : शब्दावर झोपता येत नाही. कुलूप का लावलंय खोलीला?

घरमालक : अडगळ आहे आत. किल्ली दुकानात राहिली.

घेणारी : मग खिशात काय वाजतंय मघापासून?

आत्या : (बंद दारामागून) कोण आलंय रे?

घेणारी : आत कोण आहे?

घरमालक : रेडिओ असेल.

आत्या : रेडिओ कुठला? तो तर तू भंगारात घातलास.

घेणारी : दार उघडा. आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी शेजाऱ्यांना हाक मारते.

घरमालक : आवाज वाढवू नका. उघडतो. माझी आत्या आहे. विसरते, रस्त्यावर निघून जाते, म्हणून कुलूप.

घेणारी : आत्या? आत्या वारल्या, म्हणून हे घर माझ्याकडे आलं, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?

घरमालक : ती दुसरी.

आत्या : दुसरी कोण रे? तुझ्या बापाला बहिणी आम्ही दोघीच. या बाई, आत या. तुम्हीच का घर घेताय? पलंग हवाय ना तुम्हाला? उतरते हं मी, गुडघे जरा ऐकत नाहीत.

घेणारी : नका हो उतरू. बसा. मागच्या वेळी आम्ही ही खोली बघितली, तेव्हा कुठे होतात तुम्ही?

आत्या : गच्चीवर बसवलं होतं मला. काय ऊन होतं, बाई! हाका मारल्या, पण तुम्ही खाली बोलत होतात.

घेणारी : आणि आता कुठे जाणार?

आत्या : गाडी येणार आहे म्हणे. कुठे नेणार, ते सांगत नाही. आधी म्हणाला, घर सामानासकट दिलंय. मला वाटलं, त्यात मीही आले.

घरमालक : आश्रम बघतोय मी तिच्यासाठी.

घेणारी : कुठला?

घरमालक : तुम्हाला पलंगाशी मतलब ना? मग आमच्या घरात नाक खुपसू नका.

घेणारी : आत्या, तुमची ती बहीण कुठे असते?

आत्या : धाकटी? नदीपलीकडे. आधी सारखी यायची. हल्ली फिरकत नाही, काय रुसलीय कोण जाणे. नंबर पाठ आहे मला, सांगू?

घरमालक : ताई, फोन खाली ठेवा.

घेणारी : सांगा आत्या. हं. हं. लागला. हॅलो, मी तुमच्या थोरल्या बहिणीच्या घरातून बोलतेय. नाही, चेष्टा नाही करत. माझ्यासमोर बसल्यात. गेल्या? कोणी सांगितलं तुम्हाला? भाच्यानं? अहो, जिवंत आहेत, धडधाकट बोलतायत. तुम्ही लगेच निघा, आणि एकट्या येऊ नका. मी इथून हलत नाही.

घरमालक : एक दिवस थांबला असतात, तर उद्या खोली रिकामीच मिळाली असती तुम्हाला.

घेणारी : मला नको तुमचं घर. आणि इथून जायचं असेल तर आधी ते कुलूप माझ्या हातात द्या.

आत्या : तो का गेला गं असा तरातरा? आणि धाकटी काय म्हणाली?

घेणारी : येतेय म्हणाली.

आत्या : रडत होती का?

घेणारी : हो.

आत्या : तिचं तसंच आहे. लहानपणापासून उगाचच रडते.