धारगळची मावशी चुकवली तेव्हा

अरे, माझा आंबोली ते पर्वरी प्लॅन ऐकलास का? सकाळी आंबोलीहून निघायचं आणि तीनला पर्वरीत नोकरीचा इंटरव्ह्यू. पण वाटेत धारगळची मावशी, आणि ती जेवल्याशिवाय सोडणार नाही! आईनं तिला मी येतोय हे कळवलेलंसुद्धा. म्हणून मी गाडी डिचोलीमार्गे लांबून घातली आणि कसाबसा वेळेत पोचलो.

संध्याकाळी मावशीचा फोन. "रे, खंयसून गेलंस? तुका उतरूक वेळ गावचो नाय म्हणान डबो घेवन हायवेर उभी हुतंय!"

मला थांबायला वेळ मिळणार नाही म्हणून ती डबा घेऊन रस्त्यावरच उभी होती, हे ऐकून माझा चेहराच उतरला. नोकरी मात्र लागली. आता दर शनिवारी मुद्दाम धारगळला जेवायला जातो. परवा मावशीच काळजीनं म्हणाली, "रे बाबू, दर शनिवारी जेवूक येतंस, नोकरी हा मां तुझी?"