चार पायऱ्यांची सोसायटी

नाही, तुम्ही मला एकच सांगा, चार पायऱ्या म्हणजे किती? मोजून चार. तुम्ही मोबाईल बघत बघत चढता, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढता, तुमच्या लक्षातसुद्धा येत नाहीत... आणि त्याच चार पायऱ्यांनी गेले सहा आठवडे माझ्या डोक्याचा भुगा केलाय. पायऱ्यांचा दोष नाही हो, त्या बिचाऱ्या दगडाच्या, दोष त्यांच्या मालकाचा. मालक म्हणजे आमचा सेक्रेटरी. तो मालक नाहीये, पण ही गोष्ट बिल्डिंगमध्ये त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही त्याला नियमकाका म्हणतो. तोंडावर नुसतं काका. आमच्या बिल्डिंगला चोवीस घरं, एक लिफ्ट आणि एक नोटीस बोर्ड, त्या बोर्डाला काच, काचेला कुलूप, आणि कुलपाची किल्ली त्याच्या कमरेला. तुम्हाला सांगतो, किल्ली कमरेला! तिजोरी असल्यासारखी. आत काय आहे, तर नोटिसा. 'जिन्यात उभे राहून बोलू नये.' 'लिफ्टमध्ये छत्री झटकू नये.' 'कुंडीतील पाणी कुंडीतच राहील याची दक्षता घ्यावी.' आता कुंडीतलं पाणी कुंडीतच कसं ठेवायचं, तिला समजावून सांगायचं का? आणि काहीही विचारायला जा, मान अशी तिरकी करणार, डोळे अर्धे मिटणार आणि तो आवाज... "माझं काही नाही रे, सोसायटीचा प्रश्न आहे."

हे वाक्य ऐकलं ना, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर झालं काय, माझे बाबा स्टुलावरून पडले. बल्ब बदलत होते. मी म्हटलं होतं मी बदलतो, पण नाही, बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्याला बल्ब बदलता येणार नाही का? पडले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, व्हीलचेअर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणायचं, मशीनवर, एक दिवस चुकवायचा नाही, आत्ता पाय वाकवला नाही तर तो कायमचा आखडेल. आणि ते व्यायामाचं सेंटर कुठे आहे? रस्त्याच्या पलीकडे! आमच्या गॅलरीतून त्याची पाटी वाचता येते. लिफ्टने खाली या, चार पायऱ्या उतरा, रस्ता ओलांडा, झालं. बत्तीस वर्षं घाटातून बस नेली-आणली, एकदा कुठे घासली नाही, आणि आता स्वतःच्या दारात चार पायऱ्यांवर गाडी अडली.

पहिला आठवडा काही त्रास नाही. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने वॉचमनदादा, खुर्चीसकट उचलायचं, एक दोन तीन चार, खाली. दहा मिनिटांचंसुद्धा काम नाही. वॉचमनदादा स्वतःहून यायचे, बाबांशी बसच्या रूटवर गप्पा मारायचे. पण आमच्या पहिल्या मजल्यावर एक काकू आहेत, त्यांची बाल्कनी बरोब्बर पायऱ्यांवर. त्या दिवसभर तिथे कपडे वाळत घालतात. घरात माणसं दोन, कपडे वीस जणांचे, मला तर वाटतं त्या वाळलेले परत ओले करतात. त्यांनी बघितलं. त्यांनी बघितलं म्हणजे नियमकाकाने बघितलं, मधे वेळ जात नाही. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत नवी नोटीस, लॅमिनेट केलेली: 'वॉचमनने रहिवाशांची वैयक्तिक ओझी उचलू नयेत.'

ओझी! माझा बाप, ओझी!

वॉचमनदादांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी त्यांना काय बोलणार, त्यांना कामावर ठेवणारी एजन्सी नियमकाकाच्या साडूची. रंगाचं काम त्याच्या भाच्याचं. टाकी धुणारा त्याचा मेव्हणा. आमच्या बिल्डिंगमध्ये नळ गळला तरी ते त्याच्या घरचं कार्य असतं.

गेलो त्याच्याकडे. जिन्याखाली त्याचं ऑफिस आहे, आधी तिथे झाडू ठेवायचे, आता हा बसतो. म्हटलं काका, वॉचमन नको तर नको, पायऱ्यांच्या कडेला एक छोटा रॅम्प करू, खर्च माझा, बाबांचा पाय बरा झाला की काढून टाकतो. आता मी नोकरी काय करतो, तर कॉल सेंटरमध्ये दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' हे दिवसाला ऐंशी वेळा म्हणतो, त्यामुळे समोरचा माणूस आपल्याला कधी घुमवतोय ते मला पहिल्या शब्दाला कळतं. हा म्हणाला, अर्ज दे. अर्ज दिला. म्हणाला, दोन प्रती लागतात. दोन प्रती दिल्या. म्हणाला, नकाशा जोड. चार पायऱ्यांचा नकाशा! काढला, पट्टी घेऊन काढला. त्याने तो उलटा धरून बघितला आणि मान तिरकी केली... "तुझ्या बाबांबद्दल मला आदरच आहे. पण इमारतीची दर्शनी बाजू बदलते ना. माझं काही नाही रे, सोसायटीचा प्रश्न आहे."

दर्शनी बाजू! त्या दर्शनी बाजूला काय आहे माहितेय? त्याची स्कूटर. पायऱ्यांच्या कडेला, जिथे रॅम्प यायचा, तिथेच, सावलीत, कव्हर घालून. बाकी तेवीस घरांच्या गाड्या उन्हात तापतायत आणि ही बाई, म्हणजे स्कूटर, सावलीत झोपलीय. मला सगळं कळलं. तुम्हालाही कळलं. पण हे अर्जात लिहिता येतं का?

मग मी म्हटलं वर जाऊ. वॉर्ड ऑफिसला गेलो, सुट्टी टाकून. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, अगदी मान डोलवून, च्च च्च करत, बाबांचं वय विचारलं, बिल्डिंगचं नाव लिहून घेतलं. मी खूश होऊन घरी आलो, गेटमधून आत पाय टाकतोय, तर नियमकाका समोर उभा. "कसे आहेत आमचे साहेब? चहा दिला का त्यांनी?" अहो मी बसने यायच्या आत बातमी घरी! या माणसाची मुळं कुठवर गेलीत ते मला त्या दिवशी कळलं. पाण्याच्या पाइपलाइनसारखी, कुठेही खणा, हाच लागतो.

तोवर बाबांचा व्यायाम दोन आठवडे बंद. आई घरीच पाय दाबायची, पण बाबा ओरडायचे म्हणून हळू दाबायची, आणि हळू दाबून काय उपयोग. बाबा गॅलरीत बसून समोरची पाटी वाचायचे. रोज. पाटी बदलणार आहे का? पण वाचायचे.

शेवटी मी वेल्डरकडून सुटा रॅम्प करून घेतला. लोखंडी, दोन तुकड्यांचा, घडी होणारा, लावा, खुर्ची उतरवा, उचला. बांधकाम नाही, काही नाही, सोसायटीच्या भिंतीला बोट लागत नाही. सकाळी लावला, बाबांना उतरवलं, पलीकडे सोडलं, म्हटलं येताना परत लागेलच, पाऊण तासाने आलो तर रॅम्प गायब. काकू वरून, हातात चादर, म्हणतात, "अनधिकृत वस्तू होती ना, जप्त झाली." मी म्हटलं आता बाबांना वर कसं न्यायचं, तर म्हणतात ते मला कसं माहीत असणार, मी तर कपडे वाळत घालतेय. समोरच्या दुकानातल्या दोन अनोळखी माणसांना हात जोडून बाबांना वर घेतलं. आणि संध्याकाळी बघतो तर काय... माझा रॅम्प सापडला. नियमकाकाच्या स्कूटरखाली अंथरलेला! टायरला चिखल लागू नये म्हणून. मी म्हटलं काका, हा माझा रॅम्प आहे. "जप्त माल आहे, कुठेतरी ठेवायला हवा ना. माझं काही नाही रे..." मी म्हटलं कळलं, कळलं, सोसायटीचा प्रश्न.

मग मी पेटलो. घरोघर गेलो. माझं आणि त्याचं घर सोडून बावीस बेल वाजवल्या. आणि काय सांगू, सगळे माझ्या बाजूने! कोणी म्हणे हा माणूस डोक्यावर बसलाय, कोणी म्हणे तू उभा राहा आम्ही मागे आहोत, तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर आत बोलावून पंखा लावून शिव्या दिल्या, मला नाही, त्याला. विशेष मीटिंग लावून घेतली. रविवारी सकाळी, गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्च्या, वीस घरांची माणसं हजर. आमच्या मीटिंगला एरवी पाच जण येतात, त्यातला एक चुकून आलेला असतो.

मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. माणसं माना डोलवतायत, कोणीतरी "बरोबर आहे" म्हणालं, मला वाटलं झालं काम. मतदान घ्या म्हटलं. नियमकाका उठला, चष्मा पुसला, आणि एक फाइल काढली. म्हणाला, मतदानाला माझी हरकत नाही, पण आपल्या नियमात आहे, एका जरी घराची लेखी हरकत आली तर विषय पुढच्या वार्षिक सभेपर्यंत थांबतो. आणि हरकत आलेली आहे.

मी काकूंकडे बघितलं. काकू नाही म्हणून मान हलवतायत. डॉक्टरांकडे बघितलं. तेही नाही. मी म्हटलं, कोणाची हरकत, नाव वाचा, सगळ्यांसमोर वाचा.

त्याने वाचलं. "सदर रॅम्पमुळे इमारतीच्या शोभेस बाधा येत असल्याने आमची तीव्र हरकत आहे. घर क्रमांक चारशे दोन."

चारशे दोन म्हणजे कोण? मी!

मला आधी वाटलं हा वेडा झालाय. जवळ जाऊन बघितलं. मजकूर टाइप केलेला, खाली सही. माझी. तीच ती शेपटी फिरवलेली.

"सही तुझी नाही का?"

"सही माझी आहे."

"मग?"

आता ऐका. तीन वर्षांपूर्वी घराचा ताबा घेतला, बाबा ड्यूटीवर होते, घर दोघांच्या नावावर म्हणून सह्यांना मी गेलो. याच माणसाने पुढ्यात कागद ठेवले, हा इथे, हा इथे, आणि शेवटी पाच कोरे कागद. म्हणाला, पुढे काही लागलं तर तुम्हा तरुण मंडळींना ऑफिस सोडून यायला नको, तुमच्याच सोयीसाठी. आणि मी केल्या! मला तो तेव्हा प्रेमळ वाटला होता हो! घरी येऊन आईला सांगितलं होतं, सेक्रेटरी फार समजूतदार आहेत म्हणून.

मी ओरडून सांगितलं, की हे कोरे कागद होते, याने वर टाइप केलंय. मला वाटलं आता गच्ची पेटेल. तर काय, कोणी चपलेकडे बघतंय, कोणी पाण्याच्या टाकीकडे. कारण कोऱ्या सह्या सगळ्यांच्याच! वीसच्या वीस जण मनातल्या मनात आपापल्या सह्या मोजत होते. तेवढ्यात डॉक्टर हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी माझ्या दवाखान्याच्या पाटीला माझाच विरोध निघाला होता. मला वाटलं मी विसरलो असेन." मग काकू! काकूंच्या हातातला रुमाल थांबला. म्हणतात, "म्हणजे वाळत घालायची दोरी आत घ्यावी, हा अर्ज मीच दिला होता?" नियमकाकाने फाइल बंद केली. म्हणाला, हरकत मागे घ्यायची तर घेता येते, वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी अर्ज करायचा. वार्षिक सभा कधी? अकरा महिन्यांनी. "माझं काही नाही रे." पुढचं वाक्य गच्चीने एका सुरात मनात म्हटलं. आणि खुर्च्या एकात एक घालून सगळे जेवायला गेले. माझ्या मागे उभी राहणारी माणसं, लिफ्टमध्ये माझ्या आधी शिरली.

पोलिसात जा म्हणाल तुम्ही. वकिलाकडे जा म्हणाल. गेलो होतो वकिलाकडे. ते म्हणाले केस चांगली आहे, तीन-चार वर्षांत निकाल लागेल. पायाला कुठे आहेत तीन-चार वर्षं? त्याच आठवड्यात बाबांना कसंबसं पलीकडे नेलं, डॉक्टरीणबाईंनी पाय धरला, वाकवला, आणि एका जागी तो अडला. बाबांचा चेहरा पांढरा झाला, पण आवाज नाही काढला. बाई मला बाहेर घेऊन म्हणाल्या, अजून महिना असाच गेला तर माझ्याकडे आणू नका.

त्या संध्याकाळी मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. शिव्या पाठ करून गेलो होतो, खरं सांगतो, क्रमाने. त्याने खुर्ची पुढे केली. म्हणाला, मीही माणूस आहे, मलाही वडील होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेआठला, वॉचमन मदत करेल, न्यायला आणि आणायला. माणुसकी म्हणून. बोर्डावरची नोटीस मी तेवढ्यापुरती काढून ठेवतो.

मी म्हटलं, आणि?

आणि काही नाही, म्हणाला. ड्रॉवर उघडला. तुझे कागद संपत आले रे... दोन देऊन ठेव.

कोरे. पांढरे शुभ्र. पेनसुद्धा त्याचं.

मी पाठ केलेली पहिली शिवी तोंडात आली होती. मग मला तो अडलेला गुडघा दिसला. आणि मी सही केली. एक केली, दुसरी केली, दुसरीची शेपटी जरा वाकडी आली तर म्हणतो कसा, "सावकाश, घाई नाही."

सोमवारी साडेआठला वॉचमनदादा आले, एक दोन तीन चार, बाबा खाली. रस्ता ओलांडताना बाबांनी विचारलं, "कसं काय ऐकलं त्याने? काय लिहून दिलंस?" मी म्हटलं, काही लिहून नाही दिलं बाबा. खोटं थोडंच बोललो? एक अक्षर लिहिलेलं नाही मी. पाय आता थोडा वाकायला लागलाय, डॉक्टरीणबाई खूश आहेत. आणि माझं म्हणाल तर... या वर्षी माझा कशाकशाला विरोध आहे, ते आता वार्षिक सभेला जाऊन ऐकायचं.