साबणाच्या कारखान्यासमोरचं दुकान

(शिवणकामाचं दुकान. धाकटी सामान बांधतेय. थोरली बहीण, आर्किटेक्ट, नुकतीच आत आलीय.)

धाकटी : ...अगं, ती रिळं नको उचलूस, गुंता होईल. बस तिथं.

थोरली : दुकान सोडतेयस, हे मला तुझ्या घरमालकाकडून का कळावं?

धाकटी : तुझ्या उद्घाटनात विघ्न नको म्हणून. पेपरातला फोटो छान आलाय हं तुझा.

थोरली : विषय बदलू नकोस. त्यानं काढलं तुला?

धाकटी : काढलं असं नाही. गोड बोलतो तो. म्हणाला, समोर जुन्या कारखान्याचं एवढं देखणं झालंय, इथं कॉफीवाला यायचं म्हणतोय.

थोरली : मग समोर ये. माझ्या इमारतीत खालचा गाळा मिळवून देते.

धाकटी : विचारून आले. मशीनचा आवाज चालणार नाही म्हणाले, वरच्या ऑफिसातल्या लोकांना शांतता लागते. साबणाच्या कारखान्यात शांतता! तिथल्या भोंग्यानं आपण दोघी दचकून उठायचो.

थोरली : मी बोलते त्यांच्याशी.

धाकटी : नको. उपकाराच्या जागेत माझा हात चालायचा नाही.

थोरली : तो कारखाना भुईसपाट होणार होता गं. मी वाचवला.

धाकटी : वाचवलासच. वीट न् वीट जपलीस. माझी ताई करतेय म्हणून मीच गल्लीभर मिरवत होते. पण गल्लीत आता राहिलंय कोण? सायकलवाला गेला, इस्त्रीवाल्या मावशी गेल्या. आता मी.

थोरली : रागावलीयस माझ्यावर.

धाकटी : रागावता आलं असतं तर सोपं होतं. तू वाईट कुठं काय केलंस?

थोरली : जाणार कुठं?

धाकटी : कालव्यापलीकडे. तो बंद पडलेला काचेचा कारखाना आहे ना, त्याच्या मागं. जागा कोंदट आहे, पण जमेल हळूहळू... काय गं? परत रिळं कशाला उचललीस?

थोरली : काही नाही.

धाकटी : ताई, इकडे बघ. तो कारखानाही तुझ्याकडेच आलाय?

थोरली : परवाच होकार दिला. मी नाही घेतलं तर पाडतील ते.

धाकटी : साबणाच्या वेळीही हेच म्हणाली होतीस.

थोरली : या वेळी मागची गल्ली धरूनच आराखडा करीन. तुझ्यासकट. शप्पथ.

धाकटी : करशील तू. आणि तिथल्या घरमालकांचं काय?

थोरली : त्यांच्यावर माझा काय जोर?

धाकटी : तो माझा फोन दे जरा.

थोरली : कुणाला करतेयस?

धाकटी : पाटी रंगवणाऱ्याला... हॅलो, दादा? नाव लिहून झालं का? बरं, मग तेवढंच राहू द्या. खाली पत्ता नका लिहू.