वार पडेस्तोवर

माजं माहेर पवनेच्या अंगाला, सासर हे भाज्याच्या वरच्या वाडीत. सासू सुईण व्हती, तिच्या मागं फिरता फिरता मीबी झाले. आता कोण घरी बाळंत व्हतंय, फोन केला का गाडी येती, समद्या कामशेतला दवाखान्यात जात्यात, आन् बरंच हाय ते. पर काय सांगू तुमाला, हात इसरत न्हाईत.

आमच्यात रीत अशी, मूल झालं तरी नाळ लगेच कापायची न्हाई. वार पडू द्यायची, मग कापायची. वार म्हंजी बाळाची पोटातली जोडीदारीण, ती यायच्या आधी बाळाला तोडायचं कसं. आन् वार पडेस्तोवर पोरगा का पोरगी ते आईला सांगायचं न्हाई. पोरगी म्हणून बाईनं मनाला लावून घेतलं तर वार आत ऱ्हाती, रगत जातं, बाई हातची जाती, असं सासू म्हणायची. मला लय बजावलं व्हतं तिनं.

तर माजी सून मंगल, तिचं तिसरं बाळंतपण. आधीच्या दोघी पोरीच. माजा ल्योक संतोष जीप चालवतो, पावण्यांना लेण्यांकडं नेतो. सकाळी कळा लागल्या तशी तिला जीपमधी मागं निजवली आन् निघालो कामशेतला. मळवलीला आलो तर रेल्वेचं फाटक बंद. एक गाडी गेली, वाटलं आता उघडंल, तर दुसऱ्या अंगानं मालगाडी, तिचे डबे काय सरंनात, आन् हितं बाळाचं डोकं दिसाया लागलं. मी म्हणलं संतोष, पुढं बघ. मालगाडी जाईस्तोवर पोर माज्या हातात. रडलं चांगलं.

पोरगी व्हती. मी पदरात गुंडाळून तिला मंगलच्या पोटावर ठेवली आन् खाली मान घालून नाळंला बोट लावून बसले. उडत व्हती नाळ, जिती. मंगल इचारती काय झालं, मी म्हणलं बाळ झालं. संतोष घाबरलेला, म्हणतो आई कापून टाक की, माज्याकडं ब्लेड हाय. माजं डोकंच फिरलं, म्हणलं तुज्या त्या गंजक्या ब्लेडनं माज्या नातीला तोडू व्हय.

झालं. बोलून बसले. वार अजून आतच. मंगलच्या तोंडाकडं बघायचा धीर हुईना. तर तीच म्हणती, आत्या, मला ठाव हाय, मगाशीच हात लावून बघितलं. तुमी तोंड पाडू नका, हिला नीट झाका, वारं लागतंय. मला रडूच आलं बगा. आन् फाटक उघडून गाडी कार्ल्याच्या रस्त्याला लागली तवा वार पडली, सुखासुखी.

तसंच नाळंसकट कामशेतला नेलं. सिस्टरनं चिमटा लावून नाळ कापली, म्हणली मावशी, आमीबी आता जरा थांबतो, नाळंतलं रगत बाळाला जाऊ देतो. मी म्हणलं बरं हाय मग.

आता ती पोर अंगणभर पळती, दोघी बहिणी तिच्या मागं. सासू असती तर सांगितलं असतं, आत्या, नाळंसाठी थांबायचं ते बरूबर, पर पोरगी झाली म्हणून तोंड मिटून बसायचं ते आता पुरं झालं. तिघी सुखात ऱ्हावोत, मला अजून काय पायजे.