डोळ्यांना न दिसणारी गाठ

दवाखान्याच्या बाकावर शिवणकाम करणारी एक बाई नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी सासू-सून होत्या. ऐकू नये म्हटलं तरी त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

"मला मेलीला काय धाड भरलीय? त्यात तपासणारी आंधळी म्हणे!"

"आई, हळू बोला. दार उघडंय."

"असू दे. जिला दिसत नाही, तिला सापडणार काय?"

"छातीतली गाठ डोळ्यांना दिसते का कुणाच्या? बोटांनीच शोधायची ती. त्यासाठी शिकल्यात त्या. अर्धा तास तसूतसू चाचपतात."

"तुला बरं माहीत!"

"माझी त्यांनीच शोधली."

"काय?"

"मसुराच्या दाण्याएवढी होती. डॉक्टरांच्या हाताला लागली नव्हती."

"कधी गं?"

"पंधरा दिवस माहेरी गेले होते ना, तेव्हा ऑपरेशन झालं. वेळेत सापडली म्हणून निभावलं. आता ठणठणीत आहे मी."

"आणि मी गावभर बोंब मारली, सून माहेरी जाऊन बसली म्हणून!"

शिवणाऱ्या बाईनं नकळत आपली बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

तेवढ्यात तपासणाऱ्या बाई चौकट चाचपत दारात आल्या.

"पुढच्या कोण?"

"मी," सासू उठली. "पण आधी तुमचे हात द्या बघू."

त्यांनी हसून हात पुढे केले. सासूनं ते दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"काय झालं हो?"

"काही नाही, बाई. माझी सून या हातांनीच घरी परत पाठवली."