वाढदिवसाची बिस्किटं

हे कुणाला सांगायचं नाही, असं आमचं वराळ्याचं शेल्टर चालवणाऱ्या मावशींनी बजावलंय. रविवारी एक काका मुलीला घेऊन तिच्या वाढदिवसाची बिस्किटं कुत्र्यांना वाटायला आले. त्यांना पाहताच म्हातारा शेरू जाळीवर उड्या मारायला लागला.

"पप्पा, हा आपला रॉकी! तुम्ही तर म्हणालात, तो गावाला शेतावर आहे!"

"नाही गं, सगळे सारखेच दिसतात," म्हणत काकांनी तिला ओढतच गाडीत बसवलं.

मी मूर्खासारखं जाळीचं दार उघडलं. शेरू गाडीमागे हायवेपर्यंत धावला. तेव्हापासून तो खात नाही. मी "रॉकी" अशी हाक मारली, की तो माझ्याकडे नाही, फाटकाकडे बघतो. डॉक्टर म्हणाले, आजही जेवला नाही तर...

मावशी मला हाक मारतायत, "श्वेता, शेरूकडे ये गं, लवकर!"