एफीच्या उंबरठ्यावर यंदा कोण?

एकतीस डिसेंबरच्या सकाळी स्कॉटलंडमधल्या पिटनवीम गावात बेकरीची रांग बंदरापर्यंत जाते. माझ्यापुढे एफी आणि इशबेल या दोन म्हाताऱ्या होत्या.

“एफी, नव्या वर्षाचं पहिलं पाऊल तुझ्या घरात कोणाचं गं? डूगलचंच ना?”

“त्याचे केस पांढरे झाले, इशबेल. पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचंच हवं. तो नवा वायरमन येतोय, शकुनाचा कोळशाचा खडा घेऊन.”

“त्याला तुझं नाव तरी धड माहीत आहे का?”

“केस काळेभोर आहेत.”

“आणि डूगल? वीस वर्षं येतोय. तू पाय मोडून पडलीस, तेव्हा महिनाभर सूप कोणी आणलं?”

“माणूस चांगलाच आहे गं. पण शकुन नको का बघायला? आणि आई म्हणायची, आपलं जे असतं ते आपल्याला चुकवून पुढे जात नाही.”

“नाही जात. पण तू दारच लावून घेतलंस तर ते बिचारं करणार काय?”

“तू गप्प बस.”

“बसते. काल डूगल औषधांच्या दुकानात दिसला. केसांना लावायचा काळा रंग घेत होता. दोन बाटल्या.”

“दोन? डोक्यावर अर्ध्या बाटलीपुरते केस नाहीत त्याच्या!”

“एक भुवयांसाठी, म्हणाला. एफीला शंका नको.”

“वेडा आहे मेला.”

“हसू येतंय तर हास की. मेल्यावर गप्प पडायला भरपूर वेळ आहे.”

“एफीबाई, केक लहानच ना?” काउंटरवरून विचारणा झाली.

“मोठा दे. आणि इशबेल, तो वायरमन तुझ्याकडे पाठवते.”